रोगबीज, कपट आणि गावाची जाग

शत्रू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक, तलवार नाहीतर बाँब उभा राहतो. परंतु ज्याला आवाज नाही, धूर नाही आणि जे डोळ्यांना दिसतही नाही, असेही एक शस्त्र दुष्ट माणसाच्या हाती पडू शकते. ते शस्त्र म्हणजे रोगाचे बीज. माणसांत, गुराढोरांत किंवा पिकांत जाणूनबुजून रोग पसरवून लोकांना मारणे, आजारी पाडणे अथवा भयाने हतबल करणे याला हल्ली वर्तमानपत्रांतून ‘जैविक दहशतवाद’ असे नाव दिले जाते. नाव जड आहे, पण त्यामागचे पाप जुनेच आहे. शेजाऱ्याच्या विहिरीत विष टाकणाऱ्याचे जे पाप, तेच हे.

काळी नदीच्या खोऱ्यात, जोयडा तालुक्याच्या रानात विखुरलेल्या आपल्या कुटुंबांना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या प्रकारचा आपल्या देशातील सर्वांत गाजलेला गुन्हा ज्या जंतूंनी घडला, ते मुंबईहून मिळवलेले होते. आणि परकीयांनी मुद्दाम रोग सोडल्याची जी वदंता एके काळी थेट संसदेपर्यंत पोहोचली, ती ज्या रोगाविषयी होती तो आपल्याच जिल्ह्याच्या रानांत आजही आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे. न समजता नुसते भिणे हे त्या दुष्टाचे अर्धे काम आपणच करून देण्यासारखे होय.

हावडा स्थानकावरील सुई

आज झारखंड राज्यात असलेल्या पाकुड येथे पांडे नावाचे एक जमीनदार घराणे होते. वडिलांच्या पश्चात इस्टेटीचे वाटेकरी दोन सावत्र भाऊ : थोरला विनयेंद्रचंद्र व धाकटा अमरेंद्रचंद्र. धाकटा वयात आला आणि आपला न्याय्य वाटा मागू लागला. तेथून थोरल्याच्या मनात कली शिरला.

विनयेंद्राला तारानाथ भट्टाचार्य नावाचा डॉक्टर साथीला मिळाला. मुंबईच्या परळ भागात हाफकिन इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. प्लेगवरील पहिली लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःलाच टोचून घेणारे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांचे नाव तिला १९२५ साली देण्यात आले. लोकांना प्लेगपासून वाचवण्यासाठी जी संस्था उभी राहिली, तिच्याकडेच या डॉक्टराने १९३२ साली प्लेगचे जंतू मागितले. संस्थेने नकार दिला. वरिष्ठांच्या परवानगीवाचून असे जंतू देता येत नाहीत, हा नियम होता आणि तो पाळला गेला.

परंतु कपटाला धीर फार. आपण प्लेगवर औषध शोधून काढले आहे आणि त्याची परीक्षा घ्यावयाची आहे, असे सांगून तारानाथाने शिफारशी मिळवल्या. १९३३ च्या जुलैत त्याला मुंबईच्या आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयात काम करण्याची मुभा मिळाली आणि हाफकिन संस्थेतून प्लेगचे जंतू तेथे आले. थोड्याच दिवसांत काम अर्धवट टाकून तो निघून गेला. ज्या दाराला नियमाचे कुलूप होते, ते शिफारशीच्या किल्लीने उघडले.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला अमरेंद्र आपल्या नातलगांसह कलकत्त्याच्या हावडा स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा असता, गर्दीत एक अनोळखी माणूस त्याच्या अंगावर आदळून निघून गेला. अमरेंद्राच्या दंडाला काहीतरी टोचल्यासारखे झाले. लवकरच त्याला ताप भरला आणि ४ डिसेंबर १९३३ रोजी त्याचा अंत झाला. त्या वेळी कलकत्त्यात प्लेगची साथ नव्हती. तरीही त्याच्या रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जंतू सापडले.

हा गुन्हा कसा उघडकीस आला, ते लक्षात घेण्यासारखे आहे. डॉक्टरांनी दंडावरील खूण क्षुल्लक म्हणून सोडून दिली नाही. त्यांनी रक्त तपासायला पाठवले. नातलगांनी ‘दैवाची गती’ म्हणून गप्प न राहता १९३४ साली पोलिसांत फिर्याद दिली. पोलिसांनी कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत माग काढला, आणि पूर्वी नाकारलेल्या मागणीची व रुग्णालयातील त्या अर्धवट कामाची साखळी जुळली. १९३५ साली विनयेंद्र व तारानाथ या दोघांनाही फाशीची शिक्षा झाली. पुढे १९३६ साली उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेपेची, म्हणजे काळ्या पाण्याची केली. स्थानकावर सुई टोचणारा माणूस मात्र कधीच सापडला नाही.

लोभ, सत्ता आणि सूड

हा खून एका माणसाचा होता. तो दहशतवाद नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरही आहे. पण ज्या वाटेने एक डॉक्टर गेला, त्याच वाटेने मोठा समूह अथवा राष्ट्रही जाऊ शकते. अशी कृत्ये का घडतात याचा शोध घेतला असता जंतू दुय्यम ठरतात. मूळ सापडते ते माणसाच्या मनात.

पाकुडच्या प्रकरणात ते मूळ लोभ हे होते. दुसऱ्या एका प्रकरणात ते सत्तेची हाव हे होते. पुण्यात १९७४ पासून आश्रम चालवणारे रजनीश १९८१ साली अमेरिकेत गेले आणि त्यांच्या अनुयायांनी ऑरेगन राज्यात मोठी वसाहत उभारली. तेथील स्थानिक निवडणूक आपल्या बाजूने फिरवावी, विरोधी मतदारांना मतदानाला येताच येऊ नये, अशा हेतूने त्यांच्यातील काही मंडळींनी १९८४ साली द डॅलेस या गावातील खानावळींच्या अन्नात आतड्यांच्या रोगाचे जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. सुदैवाने कोणी दगावले नाही. आरोग्य खात्याला आरंभी वाटले की, खानावळीतील नोकरांनी हात नीट धुतले नसावेत. खरा प्रकार उजेडात यायला १९८५ साल उजाडावे लागले. वर्षभर निरपराध नोकरांच्या माथी तो ठपका राहिला.

तिसरे प्रकरण २००१ च्या शरद ऋतूतील. अमेरिकेत टपालाने आलेल्या पाकिटांतून ‘अँथ्रॅक्स’ रोगाची भुकटी निघाली. पाच जण मेले आणि सतरा आजारी पडले. हा रोग आपल्या शेतकऱ्यांना अनोळखी नाही. गुरांना होतो तेव्हा त्यालाच आपण फाशी किंवा काळपुळी म्हणतो. तपास यंत्रणेने पुष्कळ वर्षे माग काढून २०१० साली असा निष्कर्ष जाहीर केला की, हे कृत्य बाहेरच्या कोणा शत्रूचे नसून सरकारी प्रयोगशाळेतील एका शास्त्रज्ञाचे होते. तो मनुष्य २००८ सालीच मरण पावल्याने न्यायालयात त्याची शहानिशा होऊ शकली नाही. त्या वर्षी आपल्या देशातही ठिकठिकाणी पांढऱ्या पुडीची खोटी पत्रे पाठवून थट्टेखोरांनी टपाल कचेऱ्यांत व सरकारी कार्यालयांत घबराट उडवून दिली. अशा थट्टेला थट्टा म्हणता येत नाही. भय पसरवणे हाच या गुन्ह्याचा अर्धा हेतू असतो.

राष्ट्रेही या पापापासून मुक्त नाहीत. १९४० साली जपानी सैन्याने चीनच्या निंगबो शहरावर विमानांतून प्लेगच्या पिसवा टाकल्या होत्या. १९२५ च्या जिनिव्हा येथील कराराने युद्धात जंतूंच्या वापरास बंदी केली होती. पण बंदी वापरापुरतीच होती, साठवणीस नव्हती. म्हणून १९७२ साली नवा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि अशी शस्त्रे तयार करणे, साठवणे व बाळगणेही निषिद्ध ठरले. हा करार १९७५ साली अमलात आला. आपल्या देशाने १९७४ सालीच त्याला मान्यता दिली होती, आणि २००५ साली आपल्या संसदेने अशा शस्त्रांविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. कायदे हवेतच, तथापि हाफकिन संस्थेतील नियमाचे काय झाले, हे आपण वर पाहिले. कायदा कागदावर असतो, आणि त्याची राखण करणारा मनुष्य प्रामाणिक असेल तरच तो जिवंत राहतो.

क्यासनूरचे रान आणि वदंता

आता आपल्या रानाकडे वळू. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांत जीवघेण्या तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले, त्यांनी रोगाचा विषाणू वेगळा केला आणि तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो हे सिद्ध केले. रानाच्या नावावरून त्या रोगाला ‘क्यासनूर जंगल रोग’ असे नाव पडले. आपण त्याला माकडताप म्हणतो.

पुण्याचे हे केंद्र १९५२ साली अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने उभे राहिले होते. त्याच सुमारास पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास आपल्या देशात सुरू झाला आणि पुढे त्याला अमेरिकी लष्कराच्या एका विभागाकडून पैसा मिळाला. या दोन गोष्टी जोडून एक संशय रुजला : हा रोग परकीयांनी युद्धाच्या तयारीसाठी आपल्या रानात सोडला असावा. १९७४ साली वर्तमानपत्रांत या परकीय प्रकल्पांविषयी गदारोळ झाला आणि १९७५ साली संसदेच्या लोकलेखा समितीने त्यांच्यावर कडक टीका करणारा अहवाल दिला.

येथे दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. आपल्या भूमीवर परक्या लष्कराच्या पैशाने संशोधन चालते, तेव्हा त्यात काय चालले आहे असे विचारण्याचा देशाला अधिकार आहे आणि तो प्रश्न विचारला गेला हे योग्यच झाले. पण प्रश्न विचारणे वेगळे आणि पुराव्यावाचून उत्तर ठरवून टाकणे वेगळे. हा रोग कोणी आणून सोडला याचा पुरावा मिळाला नाही. गोचीड, लहान रानप्राणी व माकडे यांच्यात हा विषाणू फिरत असतो. माणूस रान तोडून आत शिरला, गुरे चरायला नेऊ लागला, आणि गुरांच्या रक्तावर गोचीड पोसली व वाढली, तेव्हा हा रोग माणसापर्यंत आला, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ज्या वाटेने रोग आला, ती वाट पुष्कळ अंशी आपणच पाडलेली आहे.

वदंतेचे दुष्परिणाम किती भयंकर असतात, याला इतिहास साक्षी आहे. १३४८ साली युरोपात प्लेगने हाहाकार उडाला असता, यहुदी लोकांनी विहिरींत विष टाकले अशी आवई उठली आणि हजारो यहुद्यांची कत्तल झाली. त्या वेळी पोप सहावे क्लेमेंट यांनी आज्ञापत्रे काढून या आरोपाचा धिक्कार केला. त्यांचे म्हणणे साधे होते : यहुदीही याच रोगाने मरत आहेत, आणि जेथे यहुदी नाहीत तेथेही हा रोग आहे, मग दोष त्यांचा कसा? तरीही जमावाने ऐकले नाही. रोगाने मारले ते मारलेच. त्यावर माणसांनी माणसांना मारले. आज तर आवई उठायला बाजार भरावा लागत नाही. खिशातल्या मोबाइलवर ती क्षणात गावोगाव पोहोचते. साथीच्या काळात अमुक जातीने, अमुक धर्माने वा अमुक परगावच्या माणसाने रोग आणला असा निरोप आपल्याकडे आला, तर तो पुढे न धाडणे हेही रोगनिवारणच होय.

गावाने काय करावे

रोग कोणी कपटाने सोडलेला आहे की तो आपोआप आलेला आहे, हे पहिल्या दिवशी गावात कोणालाच ओळखता येत नाही. द डॅलेस येथे शिकलेल्या डॉक्टरांनाही ते ओळखता आले नाही. म्हणून दोन्हींवर पहिला उपाय एकच : लवकर पाहणे, लवकर सांगणे आणि लवकर तपासणे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला, तेव्हा तो प्रथम ओळखून निर्भयपणे जाहीर करणारे डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगास हे गोव्याच्या बार्देशातील आपले ख्रिस्ती बांधव होते. प्लेग हे नाव उच्चारताच व्यापार बुडेल, लोक पळतील, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? तरीही ते बोलले. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावात उंदीर मरून पडू लागले आणि पिसवांचा उपद्रव वाढला, तेव्हा ती खूण प्रथम पाहिली ती गावकऱ्यांनीच. प्रयोगशाळा पुण्यात असो वा दिल्लीत, तिचे डोळे शेवटी गावातच असतात.

आपल्या जिल्ह्यात होन्नावर व सिद्दापूर तालुक्यांनी माकडतापाचा मार सोसला आहे. २०२४ सालीही सिद्दापुरात या रोगाने बळी घेतले. घाटाच्या पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि सिंधुदुर्गच्या दोडामार्ग भागात त्यानंतर लगेच हा रोग पसरला. आपले रान या दोहोंच्या मध्ये आहे. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात.

रानात किंवा बागायतीत माकड मरून पडलेले दिसले, तर त्याला हात लावू नये व मुलांना जवळ जाऊ देऊ नये. त्याच दिवशी वनरक्षकाला, ग्रामपंचायतीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. एक मेलेले माकड ही रानाने दिलेली आगाऊ सूचना असते.

साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत, म्हणजे पाऊस सरल्यावर पुन्हा पाऊस येईतो, या रोगाचा जोर असतो. लाकूडफाटा, सुका पाला किंवा मध आणायला जाताना अंगभर कपडे घालावेत आणि आरोग्य खात्याकडून गोचीड दूर ठेवणारे तेल मिळते ते हातापायांना लावावे. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात घालावेत, अंग धुवावे आणि मुलांच्या कानामागे, काखेत, केसांत गोचीड आहे काय ते पाहावे. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडीही वेळच्या वेळी काढाव्यात.

रानात जाऊन आलेल्या माणसाला एकाएकी मोठा ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाली, तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत. डॉक्टरकडे जावे आणि आपण रानात गेलो होतो हे आपण होऊन सांगावे. या रोगाची जुनी लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने आता दिली जात नाही. म्हणून लवकर निदान व योग्य शुश्रूषा यांवरच सारी भिस्त आहे.

एखादे गुरू चरता चरता एकाएकी मरून पडले आणि त्याच्या नाकातोंडातून काळसर रक्त येत असेल, तर ते फाशीचे चिन्ह असू शकते. असे जनावर सोलू नये, कापू नये, त्याचे मांस वाटू नये. पशुवैद्याला बोलवावे आणि तो सांगेल त्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. गरीब घरात एका गुराचे मोल किती असते, हे कोणाला सांगायला नको. परंतु त्या मांसापायी घरातले माणूस गेले, तर ते मोल कशाने भरून काढणार?

आणखी एक गोष्ट. आपली मुलेमुली आता शहरांत परिचारिका, औषधविक्रेते, प्रयोगशाळेतील सहायक म्हणून काम करतात, आणि ही अभिमानाची गोष्ट आहे. कुलपाची किल्ली आणि साठ्याची नोंदवही उद्या त्यांच्या हाती असेल. ‘आपलाच माणूस आहे, द्या त्याला’ अशी शिफारस घेऊन कोणी त्यांच्याकडे येईल. तेव्हा ‘नियमात बसत नाही’ हे तीन शब्द शांतपणे उच्चारण्याचे बळ त्यांना घरीच मिळाले पाहिजे. लहानपणी शेजाऱ्याचा फणस विचारल्यावाचून न तोडण्याची जी शिकवण आपण देतो, तिचेच हे मोठेपणचे रूप आहे. १९३२ साली मुंबईत कोणीतरी असेच ‘नाही’ म्हटले, म्हणून त्या वेळी कपट परत फिरले. पुढच्या वर्षी तसे कोणी म्हटले नाही, आणि हावड्याच्या गर्दीत एक तरुण उभ्या उभ्या मारला गेला.

रोगबीज स्वतः दुष्ट नाही. त्याला बुद्धी नाही, द्वेष नाही. लोभ, सत्तेची हाव आणि सूड हे माणसाचे आहेत, आणि त्यांवरचे उपाय, म्हणजे जागरूकता, सत्य बोलणे आणि सोपवलेली वस्तू नीट सांभाळणे, हेही माणसाच्याच हाती आहेत. पावसाळा सरला की रानाच्या वाटा पुन्हा मोकळ्या होतील. तेव्हा प्रत्येक वाडीने एवढे तरी ठरवून ठेवावे की, मेलेले माकड किंवा अकस्मात मेलेले गुरू दिसले, तर निरोप कोणी द्यायचा आणि कोणाकडे द्यायचा. त्या माणसाचे नाव आणि आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक घराच्या भिंतीवर लिहिलेला असू द्या.